बारा माणसांची भिंत: ‘घाशीराम कोतवाल’ आणि नाचत्या देहांची पात्रनिवड

१/
१६ डिसेंबर १९७२, पुणे. भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’ या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग. विषय पेशवाईचा, पण रंगमंचावर वाडा नाही, झुंबर नाही, तख्त नाही. आहे ती बारा माणसांची एक रांग. ती गाते, डुलते, पाठ फिरवते आणि पाठ फिरवताच भिंत होते. या भिंतीसाठी माणसे कशी निवडायची, हा प्रश्न मराठी रंगभूमीला नवा होता आणि अतिशय जुनाही. त्या प्रश्नाचा हा इतिहास.

२/
प्रथम खऱ्या घाशीरामाविषयी. घाशीराम सावळदास हा सवाई माधवरावांच्या काळातील पुण्याचा कोतवाल. १७७७ पासून सुमारे चौदा वर्षे शहराचा बंदोबस्त त्याच्या हाती होता. ऑगस्ट १७९१ मध्ये पुण्यात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी पकडून कोंडले. त्या कोंदट जागेत वीसहून अधिक जण गुदमरून मेले. शहर खवळले. नाना फडणवीसांनी कोतवालाला जमावाच्या स्वाधीन केले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले.

३/
या घटनेत नायक शोधू गेल्यास सापडत नाही. कोतवाल आहे, कारभारी आहे. पण कृती करणारा तिसरा घटक सर्वांत मोठा आहे, तो म्हणजे जमाव. बखरकार राजांविषयी लिहितो, कागदपत्रांत अधिकाऱ्यांची नावे येतात. जमावाला नाव नसते. मग नाटकात त्याला उभे कसे करायचे? विजय तेंडुलकरांनी याचे उत्तर संवादांत शोधले नाही. त्यांनी ते देहांत शोधले.

४/
येथे दोन हजार वर्षांमागे जावे लागते. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’च्या पहिल्याच अध्यायात पात्रनिवडीची एक कथा आहे. भरतमुनी आपल्या शंभर पुत्रांना घेऊन नाट्यप्रयोगाची तयारी करतात. भारती, सात्त्वती आणि आरभटी या तीन वृत्ती जमतात. ब्रह्मदेव सांगतो, कैशिकीही हवी. कैशिकी म्हणजे नृत्य, गीत आणि शृंगार यांनी युक्त असलेली लालित्यपूर्ण वृत्ती. भरत उत्तर देतात की ती केवळ पुरुषांकडून साधणार नाही. तेव्हा ब्रह्मदेव नाट्यात निपुण अशा अप्सरा निर्माण करून त्यांच्या हवाली करतो.

५/
कथा पौराणिक असली तरी तिच्यातील प्रश्न व्यवहारातला आहे. हाती असलेल्या नटमंडळींकडून एक विशिष्ट हालचाल होत नाही, म्हणून निराळ्या अंगाचे कलावंत आणावे लागतात. नाट्यशास्त्रात भूमिकांच्या वाटपाविषयी स्वतंत्र प्रकरणही आहे. कोणाला कोणती भूमिका द्यावी हे ठरवताना वाणीबरोबर चाल आणि अंगांची हालचाल पाहावी, असे ते सांगते. राक्षसांसाठी धिप्पाड देहाचे, मोठ्या आवाजाचे नट. देवांसाठी सुडौल, प्रसन्न अंगाचे. ‘कसा बोलतो’ इतकेच ‘कसा चालतो’ यालाही तेथे महत्त्व आहे.

६/
आता थेट सांगलीला. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले. प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची. भाव्यांच्या नाटकात पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे त्यानुसार अंगविक्षेप करीत, मधली भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. आरंभी गणपती येई, मग नाचत सरस्वती. राक्षसांच्या प्रवेशात आरडाओरडा, उड्या आणि तलवारींचे हात. गळा सूत्रधाराचा आणि अंग नटाचे, अशी ही वाटणी होती.

७/
अशा खेळासाठी नट निवडताना त्याची गायकी गौण ठरे. राक्षसपार्टीला दणकट माणूस हवा, स्त्रीपार्टीला कोवळा, नाजूक चालीचा मुलगा हवा. तमाशाच्या फडातही याच प्रकारची गरज होती. पेशवाईतील तमाशात स्त्रीचे काम ‘नाच्या पोऱ्या’ करीत असे. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या काळापर्यंत स्त्री नर्तकी फडाच्या केंद्रस्थानी आली होती. ढोलकीच्या बोलाला पायाने उत्तर देता आले पाहिजे, ही तेथील पहिली अट.

८/
मग १८८० साल उजाडले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगले आणि पदे सूत्रधाराकडून पात्रांकडे आली. आता दुष्यंत स्वतः गाणार, शकुंतला स्वतः गाणार. हा बदल मोठा होता आणि त्याचा परिणाम पात्रनिवडीवर झाला. नट निवडायचा तो गळ्यावरून. पुढे बालगंधर्वांच्या काळात प्रेक्षक गाणे ऐकायला येत, ‘वन्समोअर’ देत. गाणारा नट एका जागी उभा राहून गात असे. मराठी नाटकाला सूर मिळाला आणि देह जरा थांबला.

९/
१ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेचे ‘आंधळ्यांची शाळा’ आले आणि वास्तववादी नाटकाने जोर धरला. तीन भिंतींचा दिवाणखाना, कोच, टीपॉय, दारे-खिडक्या. नटाने घरात बसल्यासारखे बसावे, बोलल्यासारखे बोलावे. संवादफेक आणि चेहऱ्यावरील भाव यांवर आता निवड होऊ लागली. नाचता येणे ही नटाची पात्रता उरली नाही. ते तमाशाचे आणि वगाचे काम मानले गेले. शहरी मध्यमवर्गाच्या दृष्टीने त्या कामाला प्रतिष्ठाही नव्हती.

१०/
या पार्श्वभूमीवर तेंडुलकरांची संहिता पाहावी. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि ‘गिधाडे’ यांचा लेखक म्हणजे धारदार, तुटक संवादांचा लेखक. ‘घाशीराम’मध्ये मात्र संवाद कमी आणि सूचना हालचालींच्या. गणपती नाचत येतो, सरस्वती नाचत येते, लक्ष्मी येते. बारा ब्राह्मणांची रांग मागे झील धरते. कीर्तन चालू असतानाच लावणी शिरते, लावणीतून पुन्हा अभंग. कोकणातील खेळे, दशावतार, तमाशा आणि कीर्तन या साऱ्यांच्या खुणा तिच्यात दिसतात.

११/
भिंतीची करामत कशात आहे? ती रांग क्षणात बदलते. तोंड प्रेक्षकांकडे असेल तर ते पुण्याचे ब्राह्मण; पाठ फिरवली की भिंत. त्या भिंतीआड काही लपवता येते, तिच्या फटीतून कोणी डोकावू शकते. हीच माणसे बावनखणीतील रसिक होतात, हीच कीर्तनातील श्रोते होतात. दृश्य बदलण्यासाठी पडदा पाडावा लागत नाही, नेपथ्य हलवावे लागत नाही. माणसेच नेपथ्य असतात.

१२/
आता निवड करणाऱ्याच्या जागी उभे राहून विचार करावा. या बारांपैकी प्रत्येकाला सुरात गाता आले पाहिजे. ताल अंगात हवा. गाताना डोलायचे, डोलताना शेजाऱ्याशी अंतर राखायचे, एका मात्रेवर वळायचे आणि वळल्यावर दगडासारखे स्थिर व्हायचे. एकाचे वळणे किंचित उशिरा झाले तर प्रेक्षकाला भिंत दिसत नाही, बारा वेगवेगळी माणसे दिसतात. येथे ‘उत्तम नट’ पुरत नाही. स्वतःकडे लक्ष न वेधणारा उत्तम नट लागतो, आणि तो मिळणे फार कठीण.

१३/
दुसरी अडचण आणखी सूक्ष्म आहे. हे निखळ नृत्यनाट्य नव्हे. शास्त्रीय नृत्यात तयार झालेल्या बारा नर्तकांना उभे केले असते, तर हालचाल निर्दोष झाली असती. पण जमाव दिसला नसता. जमावात पोट सुटलेला असतो, काटकुळा असतो, उंच असतो, ठेंगणा असतो. पुण्याच्या पेठेतील माणसे वाटली पाहिजेत आणि ती एका तालात हललीही पाहिजेत. प्रशिक्षित सौंदर्य नको, पण शिस्त हवी. प्रेक्षकाला हसू यावे आणि त्याच हसण्याची पुढे भीती वाटावी, असा तो मेळ.

१४/
हे काम ज्यांनी पेलले ते व्यावसायिक नर्तक नव्हते. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पुण्याची पीडीए, ही हौशी संस्था. दिग्दर्शक जब्बार पटेल पेशाने बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे मानसोपचाराच्या क्षेत्रातले. घाशीरामाच्या भूमिकेत रमेश टिळेकर. चंद्रकांत काळे, रवींद्र साठे यांच्यासारखे गाते गळे या चमूत होते. दिवसा नोकरी किंवा शिक्षण आणि संध्याकाळी तालीम, असा हा संसार.

१५/
त्यांच्या अंगात ताल उतरवणारे दोघे. संगीतकार भास्कर चंदावरकर हे पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकलेले आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवणारे. नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. या नाटकात संगीत पार्श्वभूमीला नाही. गाणे थांबले तर भिंत थांबते आणि भिंत थांबली तर प्रवेश थांबतो. दिग्दर्शक, संगीतकार आणि नृत्यरचनाकार यांची कामे एकमेकांपासून सुटी काढताच येत नाहीत.

१६/
प्रमुख भूमिकाही देहावरच उभ्या आहेत. नाना म्हातारा होत चाललेला, सत्तेने माजलेला, पण पायात अजून नाच असलेला. बावनखणीत नाचताना त्याचा पाय मुरगळतो. जवळच उभा असलेला घाशीराम आपली पाठ पुढे करतो आणि नाना त्या पाठीवर पाय टेकवतो. बक्षीस म्हणून कंठा मिळतो. दोघांमधील सारे राजकारण या एका आकृतीत आहे: एक पाय, एक पाठ. कोणताही लांब संवाद इतके सांगू शकला नसता.

१७/
म्हणून नाना निवडायचा तर भारदस्त आवाज पुरेसा नव्हता. वजनदार देहाने हलके नाचता यावे आणि त्या हलकेपणातून धाक वाटावा, अशी ती मागणी. घाशीरामाची याहून निराळी. आरंभी त्याचा देह वाकलेला आहे. कंठा हिसकावला जातो, मार खावा लागतो, चोरीचा आळ येतो. कोतवाली मिळताच तोच देह ताठ होतो, हात चाबकासारखा उठू लागतो. अखेरीस जमावाच्या हातून मरताना तो देह पुन्हा मोडतो. एका नटाने तीन शरीरे दाखवायची.

१८/
कोतवालीची किंमतही नाटक हालचालीतूनच मांडते. घाशीराम आपली मुलगी नानाच्या हवाली करतो आणि बदल्यात शहर मागतो. ज्या शहराने अपमान केला त्या शहरावर सूड. मग ब्राह्मणांना परवाने, झडत्या, तापलेल्या लोखंडी गोळ्याचे दिव्य. भिंतीतील माणसे एकेक करून बळी ठरतात; पण भिंत मोडत नाही. ती गात राहते. छळ होणाऱ्याच्या शेजारी उभा असलेला माणूस ताल सोडत नाही, हे पाहणे फार अस्वस्थ करणारे आहे.

१९/
आणि मग शेवट. घाशीराम संपतो, नाना आनंदोत्सवाची आज्ञा देतो आणि सारे पुन्हा नाचू लागतात. आरंभी जी रांग गणपतीला नमन करीत होती, तीच ही रांग. तिच्यातले कोणी अपराधी ठरत नाही, कोणाला शिक्षा होत नाही. १७९१ च्या कागदपत्रांत बिनचेहऱ्याचा राहिलेला जमाव येथे प्रथमच समोर उभा राहतो, तोही अनोळखी म्हणून नव्हे. दोन तास प्रेक्षकाने त्याच्याच तालावर मान डोलावलेली असते.

२०/
नाटकावर वादळ उठले ते मात्र नानांच्या चित्रणावरून. ज्या मुत्सद्द्याने पेशवाईचा डोलारा सावरला त्याला लंपट दाखवले, ब्राह्मण समाजाची बदनामी केली, असे आक्षेप आले. इतिहासाच्या दृष्टीने नाना फडणवीसांची कर्तबगारी मोठी आहे, यात शंका नाही, आणि हे नाटक म्हणजे त्यांचे चरित्रही नव्हे. सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम घडवते आणि सोय संपली की त्याला मोडते, ही प्रक्रिया दाखवणे हा आपला हेतू असल्याचे तेंडुलकरांनी मांडले होते. वाद नानाभोवती फिरत राहिला आणि भिंतीवरचा आरोप बऱ्याच अंशी ऐकूच आला नाही.

२१/
थोड्याच प्रयोगांनंतर पीडीएने नाटक थांबवले. एरवी अशा वेळी दिग्दर्शक दुसरी संस्था गाठतो आणि नवे नट घेऊन नाटक उभे करतो. संवादांची नाटके अशी हलवता येतात. वही दिली, पाठांतर झाले, काम भागले. बारा देहांची ही भिंत अशी हलवता येत नाही. प्रत्येकाला शेजाऱ्याचा श्वास ठाऊक असलेली ती रांग. ती जायची तर सगळीच जायची.

२२/
आणि घडलेही तसेच. मार्च १९७३ मध्ये जब्बार पटेल, सतीश आळेकर, मोहन आगाशे आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि पुण्यात थिएटर अकॅडमी स्थापन झाली. जानेवारी १९७४ मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा रंगमंचावर आले. १९८० साली ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा पुन्हा विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेले. तरी दौरा झाला. मराठी न समजणाऱ्या प्रेक्षकांपुढे हे नाटक पोहोचू शकले, याचे एक कारण उघड आहे. भिंतीची भाषा समजायला अनुवाद लागत नव्हता.

२३/
याच काळात छत्तीसगडमध्ये याच प्रश्नाला दुसरे उत्तर मिळत होते. हबीब तन्वीर यांनी नाचा या लोकनाट्यातील कलावंतांनाच आपल्या नया थिएटरमध्ये घेतले. १९७५ च्या ‘चरणदास चोर’मध्ये पंथी नृत्याचा वापर झाला आणि खेड्यातील कलावंत आपल्याच बोलीत, आपल्याच चालीत नागर प्रेक्षकांपुढे उभे राहिले. पुण्यात शहरी तरुणांनी लोककलेचे अंग शिकून घेतले. तन्वीरांनी ते अंग ज्यांचे होते त्यांनाच भूमिका दिल्या.

२४/
या तुलनेतून एक अवघड प्रश्न उरतो. लावणी, ढोलकी, गण-गवळण हे सारे मान्यताप्राप्त नाट्यगृहात आले आणि त्याचे कौतुक झाले. ज्या फडांनी हे अंग पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांच्या नर्तकींच्या वाट्याला त्या कौतुकातले किती आले? ‘घाशीराम’मधील गुलाबी ही बावनखणीतील नर्तकी. त्या भूमिकेसाठी शहरी हौशी अभिनेत्री उभी राहू शकत होती. फडातल्या नर्तकीला मात्र हौशी संस्थेचा दरवाजा सहसा उघडा नव्हता. पात्रनिवड ही केवळ कलेची बाब नसते. कोणाचा देह प्रतिष्ठित मानला जातो, हेही त्यातून कळते.

२५/
तरीही त्या बारांचे ऋण मोठे आहे. त्यांच्यानंतर मराठी रंगभूमीवर ‘समूह’ हा शब्द ‘गर्दीतली माणसे’ या अर्थाने वापरता येईना. थिएटर अकॅडमीनेच पुढे ‘महानिर्वाण’ आणि ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकांतून गाणाऱ्या, हलणाऱ्या समूहाची वाट रुंद केली. एकांकिका स्पर्धांत आजही दहा-बारा मुले-मुली देहांचे दार करतात, झाड करतात, आगगाडी करतात. त्या खटाटोपाच्या मुळाशी भरत नाट्य मंदिरातील ती रांग आहे.

२६/
इतिहास वाचताना नजर सहसा तख्ताकडे जाते. कोण कोतवाल होता, कोण कारभारी, कोणाची सही होती. ३१ ऑगस्ट १७९१ ला दगड उचललेल्या हातांची नावे कोणत्याही दफ्तरात नाहीत. पावणेदोनशे वर्षांनी पुण्यातल्याच बारा तरुणांनी ते हात उसने घेतले, एका तालात उचलले आणि प्रेक्षकांकडे पाठ करून उभे राहिले. त्या पाठी पाहताना ज्याला त्याला विचारावे लागते: या रांगेत तेरावी जागा कोणाची?